लांबी आणि खोली

गंज चढायला पाणी लागतं असं आम्हाला शाळेत शिकवलं होतं. त्यामुळे मराठवाड्यातल्या माणसाची गाडी गंजावी, हे मला पहिल्यापासून अन्यायाचं वाटत आलं आहे. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या लातुरात मी बँकेत कारकुनी करतो. मूळ घर नांदेडचं. तिथं गोदावरी आहे हे खरं, पण ती काही आमच्या अंगणातून वाहत नाही. तरीसुद्धा अंगणातल्या कडुनिंबाखाली वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या आमच्या प्रीमियर पद्मिनीनं गंजण्यापुरतं पाणी कुठून तरी पैदा केलं होतं. टंचाई माणसांना असते, गंजाला नसते.

गाडी अण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची. १९९२ साली त्यांनी ती मुंबईच्या एका गृहस्थाकडून जुनी म्हणून घेतली. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली आणि मुंबईच्या खाऱ्या हवेत वाढलेली. ‘गंज तिनं माहेराहूनच आणलाय,’ असं आई म्हणायची. गिअर स्टेअरिंगच्या दांड्याला, इंजिन १०८९ सी.सी.चं, आणि हॉर्न सोडून सगळे अवयव वाजणारे. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, पेपरांत फोटोबिटो आले, आणि ज्यांनी जन्मात कधी टॅक्सीवाल्याला सुटे पैसे दिले नसतील त्यांनाही एकदम उमाळे आले. त्यातलाच एक उमाळा माझ्यापर्यंत पोचला. लातूरचा एक तरुण लग्नाच्या वराती आणि फोटोंसाठी जुन्या गाड्या भाड्यानं देतो. नांदेडचं घर आम्ही विकायला काढलं होतं, लातूरच्या माझ्या फ्लॅटला स्कूटर ठेवायला जागा नाही. तेव्हा फोनवरच भाव ठरला. ‘थोडं रंगाचं बघून द्या काका,’ एवढंच तो म्हणाला.

म्हणून गाडी ढकलत एका चाचांच्या गॅरेजमध्ये नेली. चाचांनी ती बघितली नाही. हाताच्या मागच्या बाजूनं ठोकली. मग खिशातून लोहचुंबक काढून दाराच्या खाली लावलं. चुंबक जमिनीवर पडलं. परत लावलं. परत पडलं.

‘साब,’ चाचा म्हणाले, ‘ये गाडी नइ है, मेकप है.’

मग छिन्नी घेऊन त्यांनी डाव्या बाजूचा रंग उडवला. आतून बोटभर जाडीचा पोपडा निघाला. याला गॅरेजवाले पुट्टी म्हणतात, आमच्या अण्णांच्या पिढीत लांबी म्हणत. भिंतीला भरतात तीच ही जात, फक्त गाडीची लांबी राळेची असते, हार्डनर घातला की दहा-पंधरा मिनिटांत दगड होते. चाचांनी मला त्यातलं शास्त्र समजावून सांगितलं. लांबी वाईट नाही. चांगल्या पत्र्यावर दोन-तीन मिलिमीटर भरली, घासली, वर प्रायमर दिला की जन्मभर हूं की चूं करत नाही. पण गंजावर भरली की संपलं. ती स्पंजासारखी ओल धरते आणि पत्र्याला चिकटवून ठेवते. गंजाचं आकारमान मूळ लोखंडापेक्षा जास्त असतं, त्यामुळे तो आतून फुगत येतो. बाहेरून रंग चकचकीत आणि आत पत्रा पापडासारखा. त्यातून पद्मिनीला वेगळी चासी नाही. पत्रा हाच सांगाडा. म्हणजे आम्ही इतकी वर्षं लोखंडात नव्हे तर लांबीत बसून फिरत होतो.

‘भर के रंग मारना है तो नौ हजार. काट के नया पत्रा जोडना है तो पैंतीस.’

घरी हा आकडा सांगितल्यावर बायको म्हणाली, ‘अहो, विकायचीच आहे ना? मग घेणारा बघून घेईल की.’

आता मी बी.कॉम. आहे. वीस-पंचवीस वर्षांत बहुतेक सगळं विसरलो, पण १८७२ च्या करार कायद्याचं कलम १७ का कोण जाणे डोक्यात रुतून बसलं आहे. त्यात आजारी घोड्याचं उदाहरण आहे. लिलावात घोडा विकणारा माणूस घोड्याच्या दुखण्याबद्दल गप्प राहिला, तर ती फसवणूक नव्हे. पण घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर सांगणं त्याचं कर्तव्य. आणि तिसरा प्रकार: घेणारा म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धड आहे असं समजतो,’ तर मग गप्प राहणं म्हणजेच बोलणं. इंग्रजानं कायदा केला, पण दुसऱ्याच्या मुलीला खुशाल आजारी घोडा द्यावा आणि आपल्या मुलीला देऊ नये, हा विचार अगदी आपल्याकडचा वाटतो.

इंग्रजीत ‘सिन्सियर’ शब्दाबद्दल एक गोष्ट सांगतात, की रोमन मूर्तिकार तडे मेणानं बुजवत, आणि ज्या मूर्तीत मेण नाही ती ‘सिन्सियर’. भाषापंडित ही व्युत्पत्ती मानत नाहीत. म्हणजे प्रामाणिकपणाच्या शब्दातच लोकांनी लांबी भरून ठेवली आहे.

आणि मी तरी कोण मोठा हरिश्चंद्र? आमच्या बँकेत मार्च आला की पीककर्जाचं ‘नवं-जुनं’ होतं. शेतकरी कुठून तरी दोन दिवसांसाठी पैसे आणतो, जुनं खातं फेडतो, नवं कर्ज उचलतो आणि ज्याचे आणले त्याचे व्याजासकट देऊन टाकतो. खातं कागदावर चकचकीत. वह्या बघणारा खूश, शेतकरी खूश, मीही खूश. पत्रा कापायला पाऊस लागतो. तो आमच्या हातात नाही.

दोन दिवसांनी चाचांचा फोन आला. डाव्या मागच्या दाराखाली लांबीच्या आत त्यांना आणखी काही सापडलं होतं. गोडेतेलाच्या डब्याचा कापलेला पत्रा, रिबिट मारून बसवलेला. आणि त्यामागच्या भोकात बोळा करून कोंबलेला वर्तमानपत्राचा कागद. तारीख जून १९९७ ची.

अण्णा हिशेबाच्या वह्या ठेवायचे. घर आवरताना त्या माझ्याकडे आल्या होत्या. जून १९९७ चं पान उघडलं. त्या वर्षी आजोबांनी कापसाचे पाच हजार रुपये गाडीच्या पत्र्याच्या कामासाठी दिले होते. गाडीसाठी, असं बजावून. कारण माझ्या धाकट्या बहिणीला त्याच वर्षी अकरावी सायन्सला लातूरला पाठवायचं घाटत होतं, लातूर पॅटर्नचा बोलबाला होता, आणि ‘पोरीला परगावी ठेवून कशाला शिकवता’ असं आजोबांचं स्वच्छ मत होतं. वहीत दोन ओळी होत्या. ‘गाडी, लांबी व रंग: ७५०.’ त्याखाली, ‘लातूर, फी व खोली: ४२५०.’ बेरीज बरोबर.

मला तो दिवस आठवतो. आजोबांनी गाडीवरून हात फिरवला होता आणि म्हणाले होते, ‘आता कसं, पैसा कामी आला.’ अण्णा ‘हो’ म्हणाले होते. तो ‘हो’ कुठल्या कलमात बसतो याचा मी बराच विचार केला.

बहिणीला फोन लावला. ती आता पुण्यात डॉक्टर आहे. वहीतलं वाचून दाखवलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘दादा, अहमदपूरच्या पुढं मागच्या सीटवर पायाला खालून वारा लागायचा. अण्णा म्हणायचे, उघडी गाडी आहे म्हणून समज.’ आणि फोन ठेवला.

दर रविवारी अण्णा तिचा डबा घेऊन नांदेडहून लोहा, अहमदपूर करत लातूरला जात. त्या दाराशी तिला बसवू नये असं त्यांना वाटलं नसेल का? वाटलं असेल. पण पाच हजार एकाच ठिकाणी खर्च होतात. आजोबांना मात्र शेवटपर्यंत कोणी सांगितलं नाही, आणि नात डॉक्टर झाल्यावर गावभर पेढे वाटणारे तेच होते.

चाचांना मी डावी बाजू कापायला सांगितली. उजवीला पैसे पुरले नाहीत. तिथं आहे त्या लांबीवर रंग मारला. तेलाच्या डब्याचा तुकडा घरी घेऊन आलो. तो कपाटात ठेवल्यावर बायकोनं ‘भंगार’ या सदरात त्याची नोंद घेतली.

गाडी लातूरला आली तसा तो तरुण आला. माझी मुलगी, नुकतीच अठरा पूर्ण झालेली, माझ्याबरोबर खाली उभी होती. तरुणानं गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, आरशात केस नीट केले आणि म्हणाला, ‘काका, तुम्ही बँकेतले. तुम्ही काही बोलत नाही म्हणजे आतून सगळं ओके आहे असं मी धरतो.’

कलम १७, उदाहरण तिसरं. माझ्या तोंडाला कोरड पडली. पोरीकडे बघितलं. ती काही न बोलता वर गेली आणि फ्रिजवरचं आंब्याच्या आकाराचं लोहचुंबक घेऊन आली. मी ते त्याच्या हातात दिलं आणि म्हणालो, ‘उजवीकडे लावून बघा.’

अकरा हजार कमी झाले.

वर आल्यावर बायकोनं विचारलं, ‘ठरले तेवढेच दिले ना?’

‘कुठले! जुन्या गाड्यांचा बाजारच एकदम बसलाय म्हणे,’ मी म्हणालो.

‘वाटलंच मला,’ ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली. पोरगी माझ्याकडे बघत होती. मग तिनं आंबा परत फ्रिजवर लावला. तो खट्‌कन चिकटला.