पाणी कुठं सोडलंस?

गेल्या एप्रिलमध्ये चार दिवस मामाकडे होतो, पारनेर तालुक्यात. मामाने शेतात दोन खोल्या बांधून कृषिपर्यटन सुरू केलंय. पोहायला नसेल तर पुण्याचे पाहुणे येत नाहीत, म्हणून छोटा स्विमिंग पूलही केलाय. तो हिरवा पडला होता आणि शनिवारचं बुकिंग होतं. ‘तू इंजिनिअर ना? मग बघ,’ मामा म्हणाला.

व्हिडिओ बघून मी क्लोरीन टाकलं, तुरटी फिरवली. सकाळी मेलेलं शेवाळ तळाशी राखेसारखं बसलं होतं. इतका बारीक गाळ फिल्टरच्या वाळूतून निसटून परत पूलमध्येच येतो. म्हणून व्हॅक्यूम मारताना व्हॉल्व्हचा दांडा ‘फिल्टर’वरून ‘वेस्ट’वर न्यायचा. मग पाणी वाळूला वळसा घालून गाळासकट थेट बाहेर जातं. पंप ताशी १०,००० लिटरचा. ४५ मिनिटांत तळाच्या टाइल्स दिसायला लागल्या. पातळी उतरली, ती भरायला मामाने टँकर सांगितला.

शेजारच्या आजी बांधावर उभ्या होत्या. ‘बाळा, पाणी कुठं सोडलंस?’

‘ओढ्यात.’

‘बरं,’ म्हणाल्या आणि गेल्या. त्यांच्या दारातले ड्रम सरकारी टँकरची वाट बघत होते.

रात्री मी मनातल्या मनात उत्तरं जुळवत बसलो. पहिलं उत्तर स्वतःच्या विरोधातलं: दुष्काळी भागात पूल हवाच कशाला? २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं, पहिल्या फेरीत ५ लाख लिटर. ऑलिंपिकच्या तलावात त्याच्या पाचपट मावतं. पण कांद्याचा भाव पडतो तेव्हा मामाचं घर याच पुलावर चालतं. दुसरं उत्तर बचावाचं: फिल्टर वापरला असता तरी तो धुवायला पाणी गेलंच असतं. दोन्ही खरी आहेत, पण आजींनी ‘का’ विचारलंच नव्हतं. ‘कुठं’ विचारलं होतं.

ऑफिसात रिलीज अडला की आम्हीही टेस्ट वगळून कोड पुढे ढकलतो. कधीकधी तेच बरोबर असतं. वळसा घालणं हे पाप नाही. पण फिल्टरमध्ये घाण आपल्याजवळच राहते. प्रेशरचा काटा चढतो आणि सांगतो, आता मला धू. ‘वेस्ट’वर कुठलाच काटा हलत नाही. आपलं स्वच्छ झालं, एवढंच दिसतं. बाकीचं कुणाच्या वाट्याला गेलं, ते दिसत नाही.

याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजारमध्ये ग्रामसभा दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडते. आधी माणसं-जनावरं, मग पिकं. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे. पाणी तिथेही खर्च होतंच, पण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

पुढच्या खेपेला क्लोरीन टाकून तीन दिवस थांबलो, उन्हाने ते उडू दिलं. वेस्टचा पाइप चिंचेच्या रोपांकडे वळवला. पंपाच्या खोलीत भिंतीवर खडूने लिहिलं: तारीख, मिनिटं, लिटर. मामा हसला, ‘हे कुणाला दाखवायचंय?’

टँकर अजूनही येतो. आजींचे ड्रम माझ्या हिशोबाने भरत नाहीत. पण त्यांनी पुन्हा विचारलं, तर आकडा सांगता येईल. आणि तो सांगताना मान खाली जाणार असेल, तर दांडा फिरवण्याआधीच मला ते कळेल.