मेळ बसेपर्यंत

१९८७ चा मार्च संपत आला होता. बी.कॉम. होऊन मी तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेत कारकून म्हणून लागले होते. वर्षअखेरीला पिग्मी खात्यांची बाकी यादी काढायचे काम माझ्याकडे आले. चारशेच्या वर खाती, सगळी यादी हाताने लिहिलेली. यादीची बेरीज आणि जनरल लेजरमधली पिग्मीची बाकी यांत २,७०० रुपयांचा फरक पडला. तीनदा बेरीज केली, तिन्ही वेळा तोच फरक. रात्रीचे साडेआठ वाजून गेले होते. बाहेर भाऊ सायकल घेऊन ताटकळत उभा होता. आमच्या हेडक्लार्कना सगळे अण्णा म्हणत. ते उठून माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, “पोरी, नवानं भाग जातो का बघ.” भाग गेला, उत्तर आले ३००. “मग आकडे उलटे पडलेत. हजार आणि शतक या घरांत तीनचा फरक असलेली बाकी शोध.”

वीस मिनिटांत सापडली. एका खात्यात ७,४५० रुपये होते, मी ४,७५० लिहिले होते. अण्णांनी चुकीचा आकडा एका रेघेने खोडायला लावला, वर बरोबर आकडा लिहून घेतला आणि शेजारी माझी सही घेतली. मग म्हणाले, “हा माणूस मार्केट यार्डात पोती उचलतो. रोजचे दहा रुपये भरतो. दोनशे सत्तर दिवस झाले हे.”

शेजारशेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली की येणाऱ्या फरकाला नेहमी नवाने भाग जातो. एखादी रक्कम जमेऐवजी नावे पडली, तर फरक त्या रकमेच्या दुप्पट येतो, म्हणून फरकाची निमपट रक्कम वहीत शोधायची. शाळेत गुणाकार पडताळायला जो नवाचा ताळा शिकवत, त्याला नेमकी अदलाबदलीचीच चूक दिसत नाही, आणि त्याचे कारणही हेच नऊ. हे मला पदवीच्या तीन वर्षांत कोणी सांगितले नव्हते. एका रात्री, उशीर झालेला असताना, अण्णांनी सांगितले आणि ते जन्मभर पुरले.

पुढे एम.कॉम. केले आणि एका तालुक्याच्याच महाविद्यालयात वाणिज्य शिकवू लागले. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. आमच्याकडून दरवर्षी शे-दीडशे मुले-मुली पदवी घेऊन बाहेर पडतात, त्यांतली बहुतेक कुठल्या ना कुठल्या कार्यालयात टेबलापाशी बसतात: पतसंस्था, सीएचे ऑफिस, साखर कारखान्याचा अकाउंट विभाग, वाहनांचे शोरूम, ग्रामपंचायत. या मुलांना आपण नेमके काय शिकवून पाठवतो, या प्रश्नाने मला अलीकडे फार घेरले आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थिनीच्या मदतीची रक्कम तिच्या खात्यात जमाच झाली नाही. ज्या कार्यालयाने यादी केली होती तिथे ती चार महिने खेटे घालत होती. शेवटी मी तिच्यासोबत गेले आणि ती एक्सेलची यादी पडद्यावर पाहिली. तिचा खाते क्रमांक सोळा अंकी. एक्सेल संख्येचे पहिले पंधरा अंकच सांभाळते, सोळाव्या जागी शून्य टाकते. रकाना आधी ‘टेक्स्ट’ म्हणून ठरवून ठेवला नाही, तर हे गुपचूप घडते, कुठलीही सूचना येत नाही. पासबुकात शेवटी ७ होता, यादीत ०. यादी करणारा मुलगा माझाच माजी विद्यार्थी होता. त्याला माझ्या विषयात नव्वदच्या वर गुण होते. तो मान खाली घालून म्हणाला, “मॅडम, मी नंबर बरोबरच टाकला होता.” आणि ते खरे होते. टाकल्यानंतर पडद्यावर काय उरले, हे पासबुकाशी ताडून पाहायचे असते, ही सवय मात्र त्याला आम्ही लावलेली नव्हती. त्याला काय बोलणार? चूक माझ्या तासाला झालेली होती.

कार्यालयातल्या कामाचे शिक्षण आपल्याकडे काही नवे नाही. हेमाडपंताच्या नावावर चालत आलेली मेस्तके होती, त्यांत कोणत्या अधिकाऱ्याने काय करायचे आणि कोणाला कोणत्या मायन्याने लिहायचे हे सांगितलेले असे. पेशवाईतल्या कारकुनांनी लिहिलेले मोडी कागद पुण्याच्या पुरालेखागारात आजही आहेत, आणि त्या नोंदींवरून त्या काळचा इतिहास लिहिला जातो. इंग्रजी अमदानीत १९१३ साली मुंबईत सिडनहॅम कॉलेज निघाले आणि वाणिज्य हा पदवीचा विषय झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ पासून तिथे अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. पण तालुक्यातल्या पोरापोरींना कार्यालयाचे दार खऱ्या अर्थाने उघडून दिले ते टायपिंग क्लासने.

आमच्या गावात एसटी स्टँडसमोर, दुकानांच्या वरच्या मजल्यावर, असा एक क्लास होता. दहा-बारा गोदरेज-रेमिंग्टन मशिने, खिडकीत बसलेले सर, जिन्यापर्यंत येणारा खडखडाट. आईचे म्हणणे होते, शिलाई शीक नाहीतर टायपिंग, दोन्हीला घरचे नको म्हणत नाहीत. ते खरेच होते. ज्या घरांतून मुलीला संध्याकाळी बाहेर पाठवत नसत, त्या घरांतल्या मुली टायपिंगला येत. इंग्रजी चाळीस आणि मराठी तीस शब्द मिनिटाला, हा सरकारी परीक्षेचा वेग. तो पार केला की लिपिकाच्या जागेसाठी अर्ज करता येई. शेतमजुराच्या, न्हाव्याच्या, परित्यक्ता आईच्या घरातून आलेली माणसे या एका प्रमाणपत्रावर तहसील कचेरीत आणि जिल्हा परिषदेत जाऊन बसली. त्यांच्या पुढच्या पिढीचे इंजिनीअर आणि डॉक्टर आज दिसतात, मधली ती खुर्ची कोणाला दिसत नाही.

त्या मशिनवर चूक लपत नसे. अक्षर कागदावर उमटले की उमटले. खोडरबराने कागद फाटे, कार्बनच्या तिन्ही प्रतींवर तीच चूक जाई, मग सर अख्खे पान पुन्हा मारायला लावत. त्यामुळे बोट पडायच्या आधीच मन सावध होई. ते दिवस परत यावेत असे मला मुळीच वाटत नाही. खांदे भरून येत, आणि क्लासची फी भरताना आईची ओढाताण होई. पण त्या मशिनने आम्हांला चुकीची किंमत शिकवली, आणि ते मशिन गेल्यावर हे शिकवणे कोणाच्याच वाट्याला आले नाही.

२००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी गावोगाव पोहोचली. तिने मोठे काम केले. लाखो मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा माउस हातात धरला तो या केंद्रांमध्ये. टायपिंगची सरकारी परीक्षाही आता संगणकावरच होते. अडचण या अभ्यासक्रमांच्या हेतूत नाही, आपण परीक्षा कशाची घेतो त्यात आहे. आमच्याकडचे प्रश्न वर्षानुवर्षे असे असत: अमुक आज्ञा कोणत्या मेनूत आहे? २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ऑफिसचे मेनूच बदलून वर पट्टी आणली, आणि पाठ केलेली सगळी उत्तरे एका वर्षात बाद झाली. आम्ही नव्या पट्टीवरचे प्रश्न काढले.

टॅलीचे उदाहरण मला अधिक महत्त्वाचे वाटते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि तालुक्यातल्या प्रत्येक व्यापाऱ्याला टॅली येणारे माणूस लागू लागले. आमच्या मुलांना कामे मिळाली, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण हाताच्या वहीत आणि टॅलीत एक मूलभूत फरक आहे. हाताने किर्द-खतावणी लिहिताना चूक झाली, तर बहुतेक वेळा तेरीज जुळत नसे, आणि ती न जुळणे हीच धोक्याची घंटा असे. टॅलीत जमा आणि नावे सारखे झाल्याशिवाय व्हाउचर पुढे सरकतच नाही, म्हणून तेरीज जुळलेलीच दिसते. ४,७५० ची नोंद ७,४५० अशी झाली, तर ती दोन्ही बाजूंना सारखीच चुकते. पडद्यावर सगळे सरळ दिसते आणि मूल समाधानाने संगणक बंद करते. अण्णांची नवाने भागायची युक्ती वापरायला आधी फरक दिसावा लागतो, इथे फरकच दिसत नाही.

तो दिसावा म्हणून बाहेरचा पुरावा आणून शेजारी ठेवावा लागतो. बँकेचे पासबुक, पुरवठादाराचा खातेउतारा, गोदामातल्या पोत्यांची मोजणी. माझ्या मते कार्यालयाचे शिक्षण इथून सुरू व्हायला हवे. यंत्राने जुळवून दाखवलेले आणि प्रत्यक्षात घडलेले यांत अंतर असू शकते, आणि ते शोधायला पगार घेणारे माणूस म्हणजे मी, हे विद्यार्थ्याच्या मनात मुरले पाहिजे. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आली तेव्हापासून हे मला फारच निकडीचे वाटते. अर्ज, पत्र, इतिवृत्त, सगळे क्षणात सुबक भाषेत तयार मिळते. त्यातला संदर्भ क्रमांक खरा आहे का, सभेला जो हजर नव्हता त्याचे नाव हजेरीत आले आहे का, हे फाइल उघडून पाहणारा कोणी लागतोच.

आकड्यांच्या आत दडलेले ताळेही आमच्या अभ्यासक्रमात नाहीत. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरी असतो, पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७, आणि शेवटचे अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेले असते. आधारचा बारावा अंकही असाच पडताळणीचा असतो, शेजारचे दोन अंक उलटे पडले तर तो पकडतो. आयएफएससीत पाचवे अक्षर शून्य असते, तिथे मुले इंग्रजी ‘ओ’ टाकतात आणि पैसे अडकतात. खाते क्रमांकाला मात्र सगळ्या बँकांत मिळून असा एक ताळा नाही, आणि एनईएफटीत पैसे जमा होतात ते क्रमांक पाहून, नाव पाहून नव्हे. म्हणून तिथे डोळ्यात तेल घालावे लागते. एवढे सांगायला अर्धा तास पुरतो, आणि त्या अर्ध्या तासात मुले जितकी जागी असतात तितकी वर्षभरात क्वचित दिसतात.

भाषेचे दुखणे वेगळे आहे. १९६४ च्या अधिनियमाने मराठी राज्यकारभाराची भाषा झाली. भाषा संचालनालयाने शासन व्यवहार कोशासारखे कोश काढले. आमच्या वाणिज्य शाखेत मात्र व्यावसायिक पत्रव्यवहार शिकवतात तो बहुधा इंग्रजीतून, नमुने पाठ करून. तोच मुलगा ग्रामपंचायतीत लागला की त्याला मराठीत टिपणी लिहायची असते, ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ म्हणून सुरुवात करून पुढे काय मांडायचे हे त्याला ठाऊक नसते. टंकलेखनाचा गोंधळ त्याहून मोठा. जुन्या फॉन्टमध्ये केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरांचा चिवडा होतो, तिच्यात नाव शोधता येत नाही, यादी अकारविल्हे लावता येत नाही. इनस्क्रिप्टचा कळफलक साधा आहे, स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या. महिनाभराच्या सरावाने बोटे बसतात. तरी मुले रोमन अक्षरांतून मराठी उमटवतात आणि माणसाच्या आडनावातला ‘ण’ ‘न’ होऊन जातो. मग ते आडनाव दाखल्यावर एक, सातबाऱ्यावर दुसरे. त्या घराला पुढची दहा वर्षे प्रतिज्ञापत्रे करत बसावे लागते.

हे सगळे शिकवायला कोणी हवे ना? आमच्या संगणक विषयाचे शिक्षक तासिका तत्त्वावर आहेत. तासाचे पैसे, तेही उशिरा, सुट्टीत काहीच नाही. प्रयोगवही तपासून परत देताना पानावर चार ओळी लिहाव्यात एवढी उसंत त्यांना मिळत नाही, कारण ते दुपारी दुसऱ्या गावच्या कॉलेजात धावतात. नव्या शैक्षणिक धोरणाने कौशल्याचे विषय आणि प्रत्यक्ष कामाचे श्रेयांक आणले, ते मला मनापासून हवे होते. पण कामाच्या ठिकाणी मुलाला झेरॉक्स काढायला आणि चहा सांगायला ठेवले, तर त्या श्रेयांकांत काय उरते? माझ्या वर्गातली सगळ्यात तयार मुले बहुतेकदा ‘कमवा व शिका’ मधली निघाली. कॉलेजच्या कार्यालयात आवक-जावक रजिस्टर लिहिताना त्यांना रोज कोणीतरी टोकत असते, ‘दिनांक राहिला’, ‘हे पत्र कोणाच्या टेबलावर गेले?’ असे विचारत असते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी मुलांच्या हाताला काम दिले, त्या कामात शिक्षण होते. ते टोकणारे माणूस अभ्यासक्रमात कसे आणायचे, हा खरा प्रश्न आहे.

मी माझ्यापुरता एक प्रयोग गेली तीन वर्षे करते आहे. ओळखीच्या दुकानदारांकडून त्यांच्या परवानगीने जुनी बिले, चेकबुकाची स्थळप्रत आणि पासबुकाच्या प्रती आणते, नावे झाकून. तेलाचे डाग पडलेली, पेन्सिलीने मागे काहीतरी खरडलेली बिले. शनिवारी दुपारी मुलांनी ती टॅलीत भरायची आणि पासबुकाशी मेळ घालायचा. मेळ बसेपर्यंत उठायचे नाही. मेनू कुठला हे मी सांगत नाही, त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर सापडते.

गेल्या डिसेंबरात एका गटाची तेरीज पहिल्या तासातच जुळली. मुले खूश होती. पासबुक शेजारी ठेवले, वटायचे राहिलेले चेक वजा केले, तरी बँकेच्या बाकीत ५४० रुपयांचा फरक. पाच वाजले. गटातली एक मुलगी, वर्गात फारशी न बोलणारी, पाठकोऱ्या कागदावर भागाकार करत होती. “साठ आले, मॅडम,” ती म्हणाली. “म्हणजे शतक आणि दशक, सहाचा फरक.” मग चौघांनी बिलांचा गठ्ठा वाटून घेतला. हार्डवेअरच्या दुकानाचे एक बिल निघाले, १,२८० चे. चेकही तेवढ्याचाच होता, टॅलीत १,८२० पडले होते. ज्याने ती नोंद केली होती त्याने काही न बोलता व्हाउचर उघडले, रक्कम दुरुस्त केली आणि खाली शेऱ्यात आपले नाव आणि तारीख लिहिली. हे मी त्याला सांगितले नव्हते. तोवर साडेपाचची गाडी गेली होती, आणि दाराशी उभा एकजण स्टँडवर असलेल्या मित्राला फोन करून विचारत होता, पुढची कितीला आहे.