बांध कोणाचा?

शास्त्रपाठ : नहेम्या, अध्याय ३ रा



यरुशलेमेचा पडलेला तट पुन्हा कसा उभा राहिला, हे या अध्यायात सांगितले आहे. वरवर पाहता ही नावांची एक लांबलचक यादी आहे; परंतु तिच्यात याजक आहेत, सोनार आहेत, शल्लूमाच्या कन्याही आहेत. कित्येकांनी आपापल्या घरासमोरचा भाग बांधला, आणि भागाला भाग जोडून तट पुरा झाला.

गोव्यात बाणावली येथे ‘गोवा चित्र’ नावाचे संग्रहालय आहे. जुन्या शेतीची अवजारे व घरगुती वस्तू मिळून ४,००० हून अधिक वस्तू तेथे जतन केल्या आहेत. आमच्या मंडळीतील तरुणांस शेतकऱ्याचे कष्ट कळावेत म्हणून आम्ही त्यांस तेथे नेले. नांगर पाहून झाले. पण गोव्याच्या भातशेतीचे मोठे साधन कोणत्याही संग्रहालयात मावणारे नाही. ते म्हणजे खाजणाचा बांध.

खाजण म्हणजे खाडीकाठची, भरतीच्या पाण्याहून सखल अशी जमीन. पोर्तुगीज १५१० साली गोव्यात आले, त्याच्या कितीतरी आधी गावकऱ्यांनी चिखल, पेंढा व जांभा दगड यांचे बांध घालून ती मिळविली. बांधात ‘मानस’ असते. भरती आली की तिची दारे पाण्याच्या दाबाने मिटतात, ओहोटी लागली की उघडतात. पावसाने खार धुतला गेला की भात पेरतात. बांधाची राखण गावकरी मिळून करीत.

पुढे १९६४ चा कूळकायदा व १९७६ ची दुरुस्ती यांनी कसणाऱ्यास जमिनीचा हक्क दिला. हे न्याय्यच झाले. परंतु शेत प्रत्येकाचे झाले, आणि पुष्कळ ठिकाणी बांध मात्र कोणाचाच राहिला नाही. कोठे डागडुजी राहिली. कोठे माशांच्या लोभाने मानशीतून खारे पाणी आत घेतले गेले. बांध एका जागी फुटतो, पण खारे पाणी हद्द पाहून थांबत नाही. निष्काळजी मनुष्याच्या शेताबरोबर कष्टाळू विधवेचे शेतही नासते.

बंधूंनो, मंडळी ही प्रभूचे शेत आहे. “आजाऱ्याची भेट घेणे उपदेशकाचे काम, त्यास पगार मिळतो,” असे आपण म्हणतो, तेव्हा बांधाचे एक ढेकूळ निसटते. दोघे भाऊ शेताच्या धुऱ्यावरून भांडतात व प्रभुभोजनास एकत्र बसत नाहीत, तेव्हा भगदाड पडते. आणि त्यातून शिरलेला कडूपणा त्यांच्या लेकरांपर्यंत पोहोचतो.

तकोवकरांच्या सरदारांनी कामास मान वाकविली नाही, हेही त्या यादीत लिहून ठेविले आहे. देव राबणाऱ्यांची नावे लिहितो, तशी रिकामी राहिलेली जागाही पाहतो. म्हणून या आठवड्यात प्रत्येकाने आपल्या घरासमोरचा भाग तपासावा. ज्याच्याशी अबोला आहे त्याच्या दारी सूर्य मावळण्यापूर्वी जावे. भरती आपली वाट पाहत नाही.

प्रभू आपल्या हातांस बळ देवो. आमेन.