पाहणारा उरला तर

कवठे महांकाळहून तासगावच्या वाटेला लागलं की मणेराजुरी येतं. द्राक्षांचं गाव. १५ मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई पांडुरंग साळुंखे इथले. डिसेंबर १९७१ मध्ये पंजाब सीमेवरच्या बुर्ज ठाण्यासाठी झालेल्या लढाईत ते शत्रूच्या रॉकेट लाँचरवर धावून गेले आणि त्याच झटापटीत पडले. मरणोत्तर महावीरचक्र मिळालं.

शौर्यपदकाचा एक पेच क्वचितच बोलला जातो. पराक्रम एकाचा असतो, पण पदकासाठी दुसरा माणूस लागतो. पाहणारा, आणि पाहून जिवंत राहणारा. त्यानं सांगायचं, कंपनीच्या साहेबानं लिहायचं, पलटणीनं शिफारस करायची, मग कागद वर सरकायचा. पायदळाच्या नशिबी अंधार, धूर, हातघाई. ज्यानं पाहिलं, तोच पुढच्या गोळीला बळी पडतो.

नाईक यशवंत घाडगे यांचंच घ्या. रायगडातल्या पळसगावचे, वय बावीस. १० जुलै १९४४ला इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात मशीनगननं त्यांची अख्खी तुकडी आडवी केली. काही मेले, काही जखमी. घाडगे एकटेच त्या मशीनगनवर धावले, हातबॉम्ब टाकला, एकाला गोळी घातली. पुन्हा बंदूक भरायला उसंत नव्हती, म्हणून उरलेल्या दोघांना दस्त्यानं झोडपलं. मग लपलेल्या नेमबाजांनी त्यांना टिपलं. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, कारण हे कुणाच्या तरी नजरेला पडलं होतं. तसं झालं नसतं, तर ‘लढाईत मृत्यू’ एवढ्या दोन शब्दांत प्रकरण मिटलं असतं.

म्हणूनच साताऱ्याजवळचं अपशिंगे मिलिटरी मला मणेराजुरीइतकंच महत्त्वाचं वाटतं. पहिल्या महायुद्धात त्या गावचे ४६ जण गेले. स्मारकाच्या दगडावर आकडा आहे, हकीकती नाहीत. हिंदी शिपाई व्हिक्टोरिया क्रॉसला पात्र ठरला तोच मुळी १९११ मध्ये, युद्धाच्या तीन वर्षं आधी. त्या ४६ जणांत घाडगे किती होते, हे आता कोण सांगणार?

याचा अर्थ पदक योगायोगाचं, असा मुळीच नाही. अंगावर आग ओकणाऱ्या हत्याराकडे धावणं योगायोगानं होत नाही. पण आपण पदकवीराला पलटणीतून उचलून चौथऱ्यावर एकटा ठेवतो, हे मला खटकतं. भाषणांत तर आणखी एक गोष्ट गाळली जाते. कवठे महांकाळ, जत, आटपाडी हा पर्जन्यछायेचा पट्टा. इथल्या किती घरांत भरतीचा पगार हाच भरवशाचा पाऊस होता! पगारासाठी भरती झालेला माणूस रॉकेट लाँचरवर धावून जातो, तेव्हा त्याचं मोल कमी होतं का? उलट वाढतं. त्या धावण्याचा पगार कुणी दिलेला नव्हता.

१९७१ला विशीत असलेले जवान आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. साळुंखेंच्या स्मृतिदिनी, ६ डिसेंबरच्या आसपास, शाळांमधून हारतुरे होतात, ते होऊ देत. पण कवठे महांकाळ आणि तासगाव या दोन्ही तालुक्यांतल्या शिक्षकांनी गावच्या निवृत्त फौजींसमोर मुलांना एकदा वही घेऊन बसवावं. पदकाचं नंतर विचारावं. आधी विचारावं, ‘तुमच्या डाव्या हाताला कोण होता?’