पित्याचें वैर हें पुत्राचें ऋण आहे काय?

शेक्सपियर या इंग्रज कवीनें सुमारें १६०० सालीं लिहिलेलें ‘हॅम्लेट’ हें नाटक शाळा-कॉलेजांच्या वर्गांत शिकविलें जातें. कै. गोपाळ गणेश आगरकर यांनीं १८८३ सालीं ‘विकारविलसित’ या नांवानें तें मराठींत आणिलें; म्हणून आपल्या लोकांस तें अगदींच परकें नाहीं. तें सूडाचें नाटक आहे खरें. परंतु त्याचा आरंभ सूडानें होत नाहीं, एका प्रश्नानें होतो.

डेन्मार्क देशांत एल्सिनोर येथें किल्ल्याच्या तटावर मध्यरात्रीं, कडक थंडींत, पहारा बदलत आहे. पहाऱ्यावर असलेल्यानें येणाऱ्यास हटकावें ही रीत. पण येथें येणाराच आधीं विचारतो कीं, कोण आहे? इतकी भीति त्या जागीं भरली आहे. मागील दोन रात्रीं मृत राजाची आकृति, अंगांत चिलखत घालून, तेथून चालत गेली आहे. आज होरेशिओ नांवाचा विद्वान तरुण खरें काय तें स्वतः पाहण्यास आला आहे. आकृति दिसतांच तो तिच्या पायां पडत नाहीं. देवाची शपथ घालून तो तिला बोलावयास सांगतो, आणि तुझ्यासाठीं कांहीं सत्कर्म करतां येईल काय, असें विचारतो. ती मुकीच राहते, व कोंबडा आरवतांच नाहींशी होते.

पुढें ती राजपुत्र हॅम्लेटाशीं एकान्तांत बोलते. माझ्या भावानें मी निजलों असतां कानांत विष ओतून मला मारिलें. त्याचा सूड घे, अशी ती आज्ञा करिते. हा सैतानाचा डाव तर नसेल, असा संशय पुढें राजपुत्रास येतो. तो परीक्षा पाहतो, व गोष्ट खरी ठरते.

वाचकहो, येथें क्षणभर थांबावें. गोष्ट खरी ठरली, एवढ्यानें आज्ञाही योग्य ठरली काय? हॅम्लेटानें वार्तेची परीक्षा केली. आज्ञेची केली नाहीं. आईचा न्याय देवावर सोपव, असें त्याच आकृतीनें सांगितलें होतें. मग चुलत्याचा न्याय तेवढा मुलाच्या हातीं कां? नाटक संपेपर्यंत राजपुत्रासह आठ जण मरतात, आणि त्यांत मूळ खुनी एकच.

कोणी म्हणेल, जेथें राजाच खुनी, तेथें पुत्रानें दाद कोठें मागावी? हा आक्षेप हलका नाहीं. परंतु अन्याय उघड करणें निराळें, व रक्ताबद्दल रक्त घेणें निराळें. पहिलें पुत्राचें कर्तव्य होय. दुसरें, पौलानें रोमकरांस बजाविल्याप्रमाणें, देवाकडेच सोपवावयाचें. मरतांना हॅम्लेटही होरेशिओस विनवितो कीं, तूं जिवंत राहा व खरी हकीकत लोकांस सांग.

बांधावरून किंवा विहिरीच्या पाण्यावरून जुंपलेलें आजोबांचें भांडण नातवंडें पुढें चालवितात, तेव्हां त्यांच्याही कानांत मेलेल्यांचाच आवाज असतो. तो ऐकूं आला असतां होरेशिओप्रमाणें आधीं विचारावें: तूं कोण आहेस, आणि तुझ्यासाठीं करावें असें सत्कर्म कोणतें? ज्या आवाजाजवळ या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर नाहीं, तो प्रत्यक्ष बापाच्या मुखांतून आला तरी पाळावयाचा नाहीं.