आत आलेली पावलं

अंबड तालुक्यातल्या आमच्या आजोळी भादव्यात महालक्ष्म्या यायच्या, त्या दिवशी पावलं काढायचा मान आजीचा. तांदळाचं पीठ पाण्यात कालवायचं, मूठ वळून तिची करंगळीकडची कड त्यात बुडवायची आणि जमिनीवर टेकवायची. वर बोटाने पाच ठिपके दिले की पाऊल तयार. उंबरठ्यापासून निघालेली ही पावलं माजघरात, तिथून कणगीपाशी, उतरंडीपाशी, चुलीपाशी जायची. मग मुखवटे घेऊन बायका त्याच वाटेने घरभर फिरायच्या आणि कुठे काय भरलेलं आहे ते महालक्ष्म्यांना दाखवायच्या. मी मात्र खाली बसून पावलाशेजारी माझा पाय लावून बघत असे. माझाच पाय मोठा! धान्याने भरलेल्या कोठ्यांवर चढून, लुगडी नेसून उभ्या राहिलेल्या त्या दोन बायांची ही पावलं नसणार, याची मला खात्री होती. त्यांच्यापुढे बसवलेल्या पिलवंडांची म्हणावीत, तर ती मातीची आणि पाय नसलेली. म्हणजे आणखी कुणीतरी आलेलं होतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी मेरी नॉर्टन या इंग्रज लेखिकेची ‘द बॉरोअर्स’ ही 1952 सालची कादंबरी वाचली, तेव्हा ते ‘आणखी कुणीतरी’ आठवलं. एका जुन्या घराच्या जमिनीखाली पॉड, होमिली आणि त्यांची मुलगी अरिएटी राहतात. उंची वीतभरही नाही. टीपकागदाचा गालिचा, भिंतीवर तसबीर म्हणून राणीचं टपाल तिकीट. वरच्या माणसांच्या हरवलेल्या सुया, टाचण्या, काडेपेट्या यांच्याच कामी आलेल्या असतात. या कुटुंबाला भूक किंवा थंडीपेक्षा मोठं भय एकच, कुणाच्या नजरेला पडण्याचं. आणि त्यांना पाहतो तो मुलगा हिंदुस्थानातून आलेला, दोन भाषांत वाढल्यामुळे इंग्रजी वाचताना अडखळणारा. त्याला पुस्तक वाचून दाखवते ती अरिएटी. मोठ्याला वाचता येत नाही आणि बोटभर पोरगी वाचून दाखवते, ही उलटापालट मला साऱ्या कादंबरीतली सर्वांत मोलाची वाटते.

अरिएटीच्या मते हे उसनं घेणं आहे, चोरी नव्हे. माणसं बॉरोअरांसाठीच, म्हणजे उसनं घेणाऱ्यांसाठीच, तर असतात. मुलगा हसतो, आपणही हसतो. पण मराठवाड्यातल्या वाचकाला इथे खळं आठवावं. रास उभी राहिली की बलुतेदारांचा वाटा निघायचा, पाखरांसाठी चार कणसं आढ्याला टांगली जायची. लहानांचा वाटा आपण उसना म्हटला नाही, हक्क म्हटला, असं अभिमानाने लिहिण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. हक्काचं धान्य न्यायला आलेल्यांपैकी काहींना उंबरठ्याच्या आत येता येत नव्हतं. त्या वाट्याची चव कशी होती, हे घेणाऱ्याच्या तोंडून मराठीला ठसठशीतपणे कळलं ते 1978 साली, दया पवारांच्या ‘बलुतं’मधून.

माझी तक्रार इथूनच सुरू होते. लहान माणसांचा आपल्याकडे तुटवडा नाही. महाभारताच्या आदिपर्वात अंगठ्याएवढे वालखिल्य ऋषी आहेत. कश्यपाच्या यज्ञासाठी ते सगळे मिळून पळसाचं एक देठ ओढत नेतात आणि गाईच्या खुराने पडलेल्या खळग्यातल्या पाण्यात अडकतात. डोंगराएवढा भारा घेऊन चाललेला इंद्र त्यांना हसतो आणि ओलांडून पुढे जातो. ते चिडतात, दुसरा इंद्र घडवायला बसतात. कश्यप मध्यस्थी करतो आणि त्या तपातून पक्ष्यांचा इंद्र, गरुड, जन्माला येतो. गोष्ट भव्य आहे. पण खुराच्या खळग्यातून आभाळ केवढं दिसत होतं, हे त्यात कुणी सांगत नाही. आपण इंद्राच्या उंचीवरूनच पाहत राहतो, फार तर कश्यपाच्या. मोठ्यांच्या मराठी साहित्याने खालून वर बघायला केव्हाच सुरुवात केली; बालसाहित्य, निदान माझ्या वाचनातलं, अजून पोरांच्या डोक्यावरून हात फिरवतच बोलतं.

आमच्या जालना जिल्ह्यात तर असली कादंबरी जमिनीतूनच निघावी. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तिथल्या उत्खननात एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुकडा मिळाला. तिच्याशी साम्य असलेली मूर्ती 1938 साली इटलीत पॉम्पेईमधल्या एका घरात सापडली होती. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गडप झालेली ही बाई वीतभर उंचीची आहे. तीही भोकरदनकडची असावी, असं काही अभ्यासक मानतात. परक्या मुलखात, परक्या घरात सुमारे साडेअठराशे वर्षं दडून राहिलेली वीतभर बाई. नॉर्टनलाही याहून चांगली नायिका मिळाली नसती. मला मात्र तिच्यापेक्षा तिच्या दोन बाजूंना उभ्या असलेल्या दासी खुणावतात. वीतभर बाईच्याही कमरेपाशीच त्यांची डोकी येतात. कुणी लिहिलंच तर त्यांच्यातल्या एकीच्या तोंडून लिहावं.

आता माळवदं गेली, कणगी गेली, उतरंडही मोडली. या लहान माणसांनी राहायचं कुठे, असं एक स्नेही म्हणाले. जालन्याच्या कारखान्यांतून निघणाऱ्या सळ्यांवर आसपासच्या गावांत स्लॅब पडले आणि फटी बुजल्या, हे खरंच. पण ही अडचण मोठ्यांची आहे. आमच्या घरातली सहा वर्षांची मुलगी वर्षभर माळ्यावर पडून असलेल्या कूलरच्या गवतात कोण राहतं, हे खोलीनिहाय सांगू शकते.

यंदा तिनेही पावलं काढली. फरशीवर पीठ नीट धरत नव्हतं, म्हणून खडूने काढली. तिसऱ्या दिवशी मूळ नक्षत्रावर महालक्ष्म्या उठवल्या, मुखवटे पेटीत गेले. ती दारापासून देवघरापर्यंत पावलं मोजत गेली, मग परत दारापर्यंत आली आणि म्हणाली, ‘‘आजोबा, सगळी आत यायचीच आहेत. बाहेर जायची एकपण नाही.’’

त्या रात्री पाण्याने भरलेलं एक बाटलीचं झाकण देवघराच्या कोपऱ्यात ठेवलेलं होतं.