दुसऱ्याच्या वतीने ‘मी’

हिरोशिमाचा इतिहास शिकवताना मुलांना कागदाचे क्रौंच पक्षी करायला देतात. मग सादाको सासाकीच्या वतीने, ‘मी’ म्हणून, डायरीचं एक पान लिहायचं. अणुबॉम्ब पडला तेव्हा सादाको दोन वर्षांची होती. १९५५ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, ल्युकेमियाने गेली. आजारपणात तिने असे पक्षी केले होते. पानं हळवी उतरतात, वर्ग गप्प होतो. पण दुसऱ्याचं मरण ‘मी’ म्हणून लिहायचा अधिकार आपल्याला आहे का?

तो नाकारावा असं मला वाटत नाही. कल्पना केल्याशिवाय दूरचं दुःख सनावळीतच राहतं. अडचण वेगळी आहे. कल्पना मळलेल्या वाटेनेच जाते (मोठ्यांचीही). त्या दिवशी त्याच शहरात हजारो कोरियन होते. कोरिया तेव्हा जपानची वसाहत, त्यातल्या कित्येकांना मजुरीसाठी सक्तीने आणलेलं. मुलांचं स्मारक शांतता उद्यानात १९५८ पासून आहे. कोरियन मृतांचं स्मारक १९७० साली झालं तेही उद्यानाबाहेर. आत यायला १९९९ उजाडलं.

अशा मजुराच्या वतीने लिहा म्हटलं, की लेखणी अडते. तो कुठल्या भाषेत कण्हला असेल? घरी कुणी कळवलं असेल? वसाहतीच्या कायद्यामुळे जपानी नाव घ्यावं लागलेला माणूस मनात स्वतःला कोणत्या नावाने हाक मारत असेल? याची उत्तरं हळवेपणातून मिळत नाहीत, शोधावी लागतात. अर्ध्यावर अडलेल्या त्या पानाला मी जास्त गुण देईन. आणि ‘मी’ खोडून ‘तो’ लिहिणाऱ्यालाही.